तेराव्या कलमातलं कुलूप

वकीलबाईंचं ऑफिस चपलांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना लाकडी, बत्तीस पायऱ्यांचा, आणि मधोमध एक वळण. त्या वळणावर पावलं थांबली की आत टायपिस्टकाकांची बोटंही थांबत. ते मान तिरकी करून कान देत आणि मग पुटपुटत, "येतोय," किंवा, "गेला." घटस्फोट मागायला आलेलं माणूस त्या वळणावर एकदा थांबतंच, हा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव. काही तिथूनच माघारी फिरत. काकांनी त्यांचं नाव ठेवलं होतं, वळणावरचे अशील. बाई म्हणत, "माझे सगळ्यात यशस्वी खटले तेच, काका. त्यातला एकही मी हरले नाही."

बाई अठ्ठावन्न वर्षांच्या. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी हातांकडे बघायची सवय. माणूस चेहरा सांभाळतं, हात विसरतं, असं त्यांचं म्हणणं. वकिली सुरू केली तेव्हा त्यांना जमिनीचे दावे चालवायचे होते. नकाशे, मोजण्या, सरळ रेषा. पण ज्यांच्या हाताखाली त्या लागल्या त्या ज्येष्ठ वकिलांनी पहिल्याच आठवड्यात एक फाइल टेबलावरून सरकवली. बायकांचं रडगाणं आहे, बाईलाच द्या, असं ते कारकुनाला म्हणाले. बाईंसमोरच म्हणाले.

त्या फाइलीतल्या बाईने घराचा कागद समजून एका कागदावर सही केली होती, आणि त्या सहीने तिची मुलगी कायमची नवऱ्याकडे गेली होती. ती रडत नव्हती. एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती की मला कुणी वाचून दाखवलं नाही. तो दावा बाई हरल्या. त्यातून त्यांचा नियम जन्माला आला, अर्ज अशिलाला शब्दन् शब्द मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही. मग तो वकील असो, प्राध्यापक असो, की अक्षरओळख नसलेला असो. तास लागो, दोन तास लागोत. बाररूममध्ये यावर विनोद चाले. बाईंकडे सहीला जाताना डबा घेऊन जा, असं लोक एकमेकांना सांगत.

दुसरीही एक रीत होती. मुलाच्या ताब्याचं प्रकरण आलं की बाई आधी नवऱ्याबद्दल किंवा बायकोबद्दल काही ऐकून घेत नसत. कोरा कागद पुढे करत आणि सांगत, तुमच्या मुलाचा एक दिवस लिहा. उठल्यापासून झोपेपर्यंत. 'आमचा जीव की प्राण' म्हणणारे कितीतरी बाप आणि कितीतरी आया त्या कागदावर चार ओळींत संपत. शाळेत जातो, अभ्यास करतो, खेळतो, झोपतो. बाई तो कागद फाइलीत लावून ठेवत. बोलत काही नसत.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने मात्र दोन कागद भरून तिसरा मागितला आणि तोही अर्धा भरला.

तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. नखांत काळं वंगण, मनगटावर जुना चटका. सहा वर्षांच्या मुलाला घरात सगळे भुंगा म्हणत, कारण तो सतत गुणगुणायचा. खाताना, चित्र काढताना, संडासात बसूनसुद्धा. बापाने लिहिलं होतं, "गुणगुण थांबली की दोन तासांत ताप येतो. डावा बूट आधी घालतो. उजवा आधी घातला तर दोन्ही काढून पुन्हा घालतो. घाई करू नये." बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा काकांना वाचायला दिला. काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "हा माणूस हरायला नको, बाई."

खरं तर हरण्या-जिंकण्यासारखं अजून काही नव्हतंच. नवराबायकोचं मोठं भांडण झालेलं नव्हतं. वर्षापूर्वी दोघं वेगळी झाली होती. बायको रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती, मुलगा तिच्याकडे राहायचा आणि शनिवार-रविवार बापाकडे. हे सगळं तोंडी. कागद कुठलाच नाही. मग तिला दुसऱ्या शहरात, रेल्वेने नऊ तासांवर, वरच्या जागेची नोकरी चालून आली. तिने अजून हो म्हटलं नव्हतं. मला जायचंच आहे असं नाही, आपण बसून बोलू, असं तिनेच त्याला सांगितलं होतं. पण तो धास्तावला. बाईंनाही वाटलं की कोर्टात अर्ज पडलेला बरा. भांडायला नव्हे, दार मिटू नये म्हणून पाय अडवून ठेवायला.

अर्ज केला तो दिवस कोर्टाच्या सुट्टीआधीचा शेवटचा. स्वीकारण्याची खिडकी साडेचारला बंद होणार होती आणि पावणेतीन वाजता बाई दुसऱ्या सुनावणीतून सुटून ऑफिसात आल्या. बारा कलमं त्यांनी तोंडी सांगितली, एका दमात. अर्जातल्या एकेका परिच्छेदाला कलम म्हणतात. पहिली बारा या माणसाची होती. उरलेला भाग ठरावीक. हे न्यायालय हा अर्ज का चालवू शकतं, मुदत, शुल्क, असलं. तो जुन्या कुठल्यातरी अर्जातून उचला आणि नावं बदला, असं बाईंनी सांगितलं.

काकांनी छापून आणलं तेव्हा चार वाजून गेले होते. लिफ्टवाला पेन हातात घेऊन उभा होता. काका म्हणाले, "बाई, तेरापासून जुनं घेतलंय. एकदा नजर टाकता का?"

बाईंचा एक हात काळ्या कोटाच्या बाहीत गेलेला होता. "ठरावीकच आहे ते, राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि लिफ्टवाल्याला बोटाने जागा दाखवत गेल्या. इथे, इथे, आणि इथे. वाचून काही दाखवलं नाही. वकिलीच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा. पायऱ्या उतरतानाही त्यांच्या मनाला ते लागलं नाही, कारण खिडकी बंद व्हायच्या आत पोचायचं होतं, आणि त्या पोचल्या.

सुट्टी संपली आणि सहा आठवड्यांनी समोरून उत्तर आलं. मुलाच्या आईने कायद्याच्या कॉलेजात बाईंच्याच वर्गात असलेला एक वकील केला होता. त्याची जीभ इतकी मऊ की सगळं कोर्ट त्याला पाठीमागे लोणी म्हणे, आणि आता तर तोंडावरही म्हणे. उत्तर नेहमीसारखंच होतं. कलम एकमधला मजकूर खोटा, खोडसाळ असून मान्य व कबूल नाही. कलम दोनमधला मजकूर खोटा, खोडसाळ असून मान्य व कबूल नाही. असं शेवटपर्यंत. हे वाक्य बाईंनी इतक्या वेळा वाचलं होतं, आणि स्वतःही इतक्या वेळा लिहिलं होतं, की भर रस्त्यावर राहणाऱ्याला हॉर्न ऐकू येत नाहीत तसं ते त्यांना दिसतच नसे. तेराव्या कलमापुढे चारच शब्द जास्त होते. "हे कधीही घडलेले नाही." बाईंची नजर त्यांच्यावरूनही सरकून गेली. त्याच उत्तरासोबत आईचा स्वतंत्र अर्ज होता, मुलाला घेऊन दुसऱ्या शहरात जायची परवानगी मिळावी. शनिवार बंद झाले. फोन उचलणं बंद झालं.

लिफ्टवाला येऊन बसला. ती अशी का वागतेय, कालपर्यंत बसून बोलू म्हणत होती, असं त्याने विचारलं. बाई त्याला म्हणाल्या की कोर्टाचा कागद हातात पडला की माणसं अशीच होतात, निवळेल. त्यांनी हे अगदी प्रेमाने सांगितलं. त्याने मान डोलावली आणि परत गेला.

आठ महिन्यांनी त्याची साक्ष निघाली. बाईंनी त्याची तयारी करून घेतली ती सगळी मुलाच्या दिवसाभोवती. आपणच लिहिलेला अर्ज पुन्हा कशाला वाचायचा? पहिला तासभर छान गेला. तो हळू आणि खरं बोलत होता. न्यायाधीशांनी बुटांचं ऐकून लिहिणं थांबवलं आणि मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. न्यायाधीश वयाने तरुण होते, कमी बोलणारे.

मग लोणी उठला. त्याने अर्ज साक्षीदाराच्या हातात दिला आणि तेरावं कलम मोठ्याने वाचायला सांगितलं.

लिफ्टवाला वाचू लागला. "एके दिवशी सायंकाळी सामनेवाली ही... अज्ञान मुलास घरात एकटे ठेवून... बाहेरून कुलूप लावून निघून गेली. मुलाचा आक्रोश ऐकून शेजाऱ्यांनी कुलूप तोडून..." सामनेवाली म्हणजे त्याची बायको, अज्ञान मुलगा म्हणजे भुंगा. त्याचा आवाज बसत गेला. त्याने कागद उलटा करून पाहिला, जणू मागे दुसऱ्याचं नाव असेल.

ती वाक्यं बाईंचीच होती. पण या माणसाची नव्हती. चार वर्षांपूर्वीच्या एका दाव्यातली होती ती, आणि ती आई खरोखरच कुलूप लावून गेली होती.

"खाली सही तुमची?" लोणीने विचारलं.

"हो."

"वाचून केलीत ना?"

लिफ्टवाल्याने बाईंकडे पाहिलं. क्षणभरच. मग समोर पाहून म्हणाला, "हो. वाचून केली."

"मग हे घडलं होतं?"

तो गप्प. लोणीने मऊ आवाजात पुन्हा विचारलं. पिंजऱ्याच्या कठड्यावर त्याचे हात होते आणि बाई त्या हातांकडे पाहत होत्या. तिसऱ्या रांगेत मुलाची आई बसली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून, कुणाकडेही न बघता. पाच वाजले. न्यायाधीशांनी पुढच्या गुरुवारची तारीख दिली आणि नेहमीची सूचनाही. साक्ष अर्धी राहिली आहे, वकिलांनी साक्षीदाराशी साक्षीबद्दल काही बोलू नये.

आता हा नियम बाईंना काही नवा नव्हता. पण तो एवढा टोचला कधी नव्हता. बाहेर पडताच लिफ्टवाला आडवा आला. बाई, ते कुठून आलं, मी असं कधी म्हटलं, असं विचारू लागला. बाई म्हणाल्या की मला तुमच्याशी याबद्दल बोलता येत नाही. तो म्हणाला, निदान मान तरी हलवा. त्यांना तेही करता येत नव्हतं. त्या खांद्यावरची बॅग सावरत चालत राहिल्या आणि मागे त्याच्या जड बुटांचा आवाज काही पावलं आला आणि थांबला.

ऑफिसात त्यांनी जुना अर्ज काढून घेतला. जुन्या अर्जात ठरावीक मजकूर चौदाव्या कलमापासून सुरू होत होता. काकांनी तेराव्यापासून उचलला होता. एका आकड्याची चूक. नाव तेवढं बदललं होतं, नीट, तीनही ठिकाणी.

काकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले. मग म्हणाले की यात अवघड काही नाही. माझ्या नावावर टाका. टायपिस्टची चूक, एका ओळीत सांगता येईल. मी तसाही दोन महिन्यांनी घरी बसणार आहे. म्हाताऱ्याला कोण फासावर देतंय.

"तुम्ही मला विचारलं होतं, काका."

"मला नाही आठवत."

"मला आठवतंय. माझा हात कोटात होता."

"बाई," काका म्हणाले, "तुम्हाला नको ते सगळं आठवतं." आणि उठून चहाचे कप धुवायला गेले. कप स्वच्छच होते.

त्या आठवड्यात लिफ्टवाल्याचे सतरा फोन आले. बाईंनी एकही उचलला नाही. प्रत्येक वेळी तो वाजून थांबेपर्यंत त्या त्याच्याकडे बघत बसत. डोळ्यांसमोर गणित स्वच्छ होतं. बापाने शपथेवर आईविरुद्ध इतकं घाणेरडं खोटं लिहिलं, असं कोर्टाने धरलं, तर त्याच्या बुटांच्या आणि तापाच्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार? आईला परवानगी मिळणार. मुलगा नऊ तासांवर जाणार. वर्षातून दोनदा भेट, तीही कुणाच्या तरी देखरेखीखाली. गुणगुण कधी थांबली ते कुणी त्याला फोन करून सांगणार नव्हतं.

बाईंचा नवरा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. घरात मी कायम विरुद्ध पक्ष, असं तो पाहुण्यांना सांगायचा. रविवारी सकाळी तो गॅलरीत कुंड्यांची माती मोकळी करत होता तेव्हा बाईंनी त्याला सगळं सांगितलं, मुद्देसूद, सवयीने, एक, दोन, तीन. टायपिस्टची चूक म्हटलं तर काय होईल, स्वतःची म्हटलं तर काय होईल, वकिलीच्या सनदेचं काय होईल. स्वतः साक्ष द्यायची तर वकीलपत्र सोडावं लागेल, कारण एकाच दाव्यात वकील आणि साक्षीदार दोन्ही होता येत नाही.

त्याने ऐकून घेतलं. मग मातीचे हात तसेच ठेवून म्हणाला, "अगं, तू चौथा मुद्दा सोडलास. तो 'वाचून केली' का म्हणाला?"

"लाजला असेल. न वाचता सही केली असं चारचौघांत कोण सांगेल?"

"तुझ्याकडे बघून म्हणाला, असं तूच म्हणालीस."

तो पुन्हा मातीकडे वळला.

सोमवारी त्यांनी लिफ्टवाल्याला बोलावून घेतलं. जिन्याच्या वळणावर तो खूप वेळ थांबला. काकांनी कान दिला नाही, की ते काही पुटपुटले नाहीत. आत बाईंजवळ आणखी एक वकील बसली होती, जाड भिंगांच्या चष्म्याची, पूर्वी बाईंच्याच हाताखाली शिकलेली. बाईंनी त्याला सांगितलं की यापुढे तुमचं काम या बघतील. का, ते सांगता येणार नाही. वकीलपत्र सोडण्याला तुमची संमती लागेल.

त्याने कागदाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "मला सोडताय?"

बाईंनी कागद नव्या वकिलाकडे सरकवला.

"मी काय चुकलो ते तरी सांगा, बाई. मी तर तुम्हाला..." तो थांबला.

तुम्ही काही चुकला नाहीत, एवढं म्हणायलाही बाईंना परवानगी नव्हती. म्हणजे असेलही. कायद्यात तेवढी फट सापडली असती. पण त्यांना वाटलं की एक फट उघडली की आपण त्यातून सगळंच सांगून मोकळ्या होऊ, आणि मग त्याची साक्ष त्याची राहणार नाही. जाड भिंगांच्या नव्या वकिलाने तो कागद त्याला वाचून दाखवला, पहिल्या शब्दापासून. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. सही करून निघून गेला. नमस्कार केला नाही.

बुधवारी लोणीने बाईंना बाररूमच्या कोपऱ्यात गाठलं. वकीलपत्र सोडल्याची नोटीस आणि साक्षीदार म्हणून बाईंचं नाव, दोन्ही त्याला मिळालं होतं. तो वकील म्हणून नव्हे, वर्गमित्र म्हणून बोलतोय असं आधीच म्हणाला. कशाला हे? टायपिंगची चूक म्हणून जाऊ दे. मी दोन प्रश्न विचारीन आणि सोडून देईन. तू उभी राहिलीस तर तुझा माणूस शपथेवर खोटं बोलला हे तूच सिद्ध करणार. मी काय करतो माहितीये ना? मला सोडता येणार नाही मग.

"सोडू नकोस," बाई म्हणाल्या.

"तुझी एकतीस वर्षं पणाला लावतेयस, एका लिफ्टवाल्यासाठी."

"त्याची बापपणाची सहा वर्षं मी न विचारता लावली."

लोणी नेहमी शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवायचा. त्या दिवशी त्याने तो घेतला नाही.

गुरुवारी कोर्ट भरलेलं होतं. अशा बातम्यांना पाय फुटतात. ज्यांची तारीख नव्हती असे वकीलही मागच्या भिंतीला टेकून उभे होते. बाई काळा कोट न घालता आल्या होत्या, आणि त्यांना वाटत होतं की आपले हात उघडे पडलेत. पिंजऱ्याच्या दोन पायऱ्या त्यांनी रोज पाहिल्या होत्या. त्या इतक्या उंच आहेत हे पहिल्यांदा कळलं.

त्यांनी सांगायचं ते पाच वाक्यांत सांगितलं. अर्ज मी तयार केला. तेरावं कलम दुसऱ्या दाव्यातलं आहे. माझ्या अशिलाने ते मला कधीही सांगितलेलं नाही. मी त्याला अर्ज वाचून दाखवला नाही आणि वाचायला दिलाही नाही. त्याने माझ्या बोटाकडे बघून सही केली.

मग लोणी उठला, आणि त्याने सोडलं नाही.

आजवर किती अर्ज केलेत, असं त्याने विचारलं. मोजले नाहीत, बाई म्हणाल्या.

"त्यातले किती न वाचता?"

"हा एक मला माहीत आहे."

मागच्या भिंतीशी कुणीतरी खोकलं. बाईंनी सोडवलेल्या कितीतरी माणसांचा, बायांचा, पोरांचा निकाल त्या एका उत्तराने डळमळीत होऊ शकत होता, हे त्यांनाही कळत होतं आणि लोणीलाही. त्याने तिथेच आणखी तीन प्रश्न रोवले. मग म्हणाला की ही चूक तुमच्या टायपिस्टची नाही का? टायपिस्टकाका शेवटच्या रांगेत बसले होते. ते मान हलवून हो म्हणत होते, बाईंना दिसत होतं.

"नाही. त्यांनी मला विचारलं होतं. मी राहू द्या म्हटलं."

"सामनेवालीच्या उत्तरात हे कधीही घडलेलं नाही असं स्पष्ट लिहिलंय. तुम्ही उत्तर वाचलं नाहीत?"

"वाचलं. दिसलं नाही."

"म्हणजे?"

न्यायाधीश पेन धरून वाट पाहत होते. "आम्ही सगळे सगळंच नाकारतो," बाई शेवटी म्हणाल्या. "खरंही आणि खोटंही, त्याच शब्दांत. एखादी बाई त्यात खरंच ओरडत असेल, हे ऐकू यायचं बंद होतं. माझं झालं."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. हळू, पूर्ण वाक्य. मग लोणी बसला.

लिफ्टवाल्याला पुन्हा उभं केलं. बाई आता खाली लोकांच्या बाकावर होत्या, ना वकील ना कुणी. न्यायाधीशांनी त्याला स्वतःच विचारलं. वाचून सही केली, असं तुम्ही गेल्या वेळी म्हणालात. ते खरं की आज ऐकलं ते खरं?

"आजचं खरं."

मग खोटं का बोललात, असं न्यायाधीशांनी विचारलं, आणि शपथेवर खोटं बोलण्याची शिक्षा माहीत आहे का, असंही.

त्याने कठड्यावरचे हात उचलले आणि कुठे ठेवायचे ते न कळल्यासारखे पुन्हा तिथेच ठेवले. "न वाचता केली म्हटलं असतं तर बाईंचं नाव गेलं असतं. त्यांचं नाव मोठं आहे, साहेब. मला वाटलं, माझं काय, माझं मी बघीन." थोडं थांबून म्हणाला, "मुलाचं लक्षात आलं नाही तेव्हा. नंतर आलं."

बाईंनी मान खाली घातली. नवऱ्याने कुंडीपाशी विचारलेला प्रश्न आता त्यांच्या छातीवर येऊन बसला.

तेवढ्यात मुलाची आई उभी राहिली. लोणीने तिला हाताने खाली बसायची खूण केली. तिने ती पाहिली नाही. एकच विचारायचंय, असं ती न्यायाधीशांना म्हणाली. हे रीतीला धरून नव्हतं. न्यायाधीशांनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली.

ती नवऱ्याकडे वळली. "असं कधी कुणाला म्हणाला होतास? तुझ्या आईला, मित्राला. गमतीत तरी?"

"नाही. तू मांजर असतं तरी कोंडलं नसतंस," तो म्हणाला.

ती बसली. पिशवी मांडीवरून खाली, पायाशी ठेवली.

न्यायाधीशांनी दोघांनाही समुपदेशकांच्या खोलीत पाठवलं, वकिलांशिवाय. बाईंच्या साक्षीची प्रत वकिलांच्या शिस्तपालन समितीकडे जाईल, असंही त्यांनी त्याच सुरात सांगितलं. ते अपेक्षितच होतं. सनद किती दिवस जाईल ते समिती ठरवणार होती. लिफ्टवाल्याला त्यांनी कडक समज दिली आणि पुढची कारवाई केली नाही.

पावणेदोन तास ते दार बंद होतं. बाई समोरच्या बाकावर बसून राहिल्या. तिथे त्यांचं काही काम नव्हतं. काका दोनदा चला म्हणाले आणि मग तेही शेजारी बसले. आतून आधी काहीच ऐकू येत नव्हतं. मग तिचा आवाज चढला, बराच वेळ चढलेला राहिला. त्यानंतर पुन्हा शांतता. एकतीस वर्षं असल्या दारांबाहेर बाई घड्याळ बघत उभ्या राहिल्या होत्या, पुढच्या सुनावणीला उशीर होतोय म्हणून. आज घड्याळ बघवत नव्हतं.

दार उघडलं तेव्हा जाड भिंगांची वकील आत जाऊन कागद घेऊन आली. तिने हळू आवाजात सांगितलं. आई वर्षभर कुठे जात नाहीये, नवीन जागा तिने पुढे ढकलली. शनिवार-रविवार या आठवड्यापासूनच. वर्षाने पुन्हा बोलायचं, आणि आधी बोलायचं, मग कोर्ट. काकांनी मोठा श्वास सोडला. बाई नुसत्याच उठून उभ्या राहिल्या.

आज मुलाला शाळेतून आणायला लिफ्टवाल्यानेच जायचं ठरलं होतं, म्हणून तो घाईने निघाला होता. जाता जाता तो बाईंपुढे थांबला. त्याने हात जोडले आणि गेला.

आई मात्र थांबून होती. ती बाईंजवळ आली तेव्हा काका न सांगता दूर झाले. जवळून ती तिसऱ्या रांगेतून दिसे त्याहून लहान वाटली.

"आठ महिने," ती म्हणाली, "मी रोज निघताना दाराला कुलूप लावते आणि पुन्हा उघडून आत बघते. भुंगा शाळेत असतो. मीच सोडून आलेली असते. तरी बघते. एकदा अर्ध्या वाटेतून परत आले. कोर्टाच्या कागदावर लिहिलंय म्हटल्यावर आपल्या हातून झालं असेल, असं वाटायला लागतं हो माणसाला."

बाई म्हणाल्या की मी तुमची माफी मागते.

"मागा. मी ऐकून घेतली. माफ केलं असं मात्र आज म्हणणार नाही."

"नका म्हणू."

ती निघाली आणि दोन पावलांवर वळली. "ते कलम आता काढून टाकतील ना फाइलीतून?"

हा प्रश्न कायद्याचा होता आणि बाईंना त्याचं उत्तर येत होतं. देववत नव्हतं एवढंच. "काढत नाहीत," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर रेघ मारतात आणि बाजूला दुरुस्ती लिहितात. खालची अक्षरं दिसतात."

"म्हणजे तो मोठा झाला आणि त्याने फाइल मागितली, तर वाचू शकेल?"

"हो."

आई बाईंकडे बघत राहिली. खाली फाटकापाशी लिफ्टवाल्याची स्कूटर सुरू होत नव्हती. दोनदा, तीनदा, चौथ्यांदा सुरू झाली.

"माझी साक्षही त्याच फाइलीत राहील," बाई म्हणाल्या. "तेराव्या कलमाच्या मागे, लागूनच. तीही वाचता येईल."

आईने त्यावर थोडा विचार केला. मग पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरू लागली.